नव्या बोटीचं नाक

पाणी आत आलं तेव्हा धाकटी सगळ्यांच्या पुढे उभी होती, आणि हसत होती.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे तिचं नाव निघालं की लोक हमखास विचारतात, तेव्हा ही बया होती कुठे? तर होती, तिथेच होती. नव्याकोऱ्या फेरीबोटीच्या पुढच्या कठड्यावर रेलून, खाली वाकून, आपण घडवलेलं नाक पाणी कसं कापतंय ते डोळे भरून बघत होती. जुन्या बोटींच्या अक्षरशः तोंडाला फेस यायचा. पाण्याचा ढीग पुढे लोटत, धापा टाकत त्या पलीकडचा किनारा गाठायच्या. हिच्या तोंडाला फेसाचा टिपूस नव्हता. पाणी दोन्ही बाजूंना गुपचूप सरकत होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे दृश्य तिने इतक्या वेळा बघितलं होतं की खरं पाणीच तिला त्याची नक्कल वाटत होतं.

बावीस मिनिटांची फेरी. शुक्रवार, सकाळचे अकरा, लोकांना घेऊन निघालेली बोटीची पहिलीच खेप, आणि आत तीनशे माणसं. वर काचेच्या खोलीत चाकाशी कप्तान उभा होता. कप्तान म्हणजे कोण, तर धाकटीचा सख्खा मोठा भाऊ. ह्याच पाण्यावर तीस वर्षं बोट हाकलेला माणूस, आणि तीस वर्षांत बोटीला एक ओरखडा नाही. घरात तो दादा होताच, पण धक्क्यावरही लहानथोर सगळे त्याला दादाच म्हणायचे.

पलीकडचा धक्का दिसायला लागला आणि माणसं उठली. आता माणसं उठायचीच. जगात कुठेही जा, उतरायचं ठिकाण दिसलं की माणसाचं बूड खुर्चीला टिकत नाही. पाच मिनिटं आधी दाराशी जाऊन उभं राहण्यात काय मिळतं, ते देव जाणे. पिशव्या, पोरं, काठ्या, बाबागाडी, सगळं घेऊन अख्खी बोट पुढे आली. धाकटीच्या पाठीला कोणाचा तरी डबा टोचला, तरी तिने वळून बघितलं नाही.

दादाने वेग उतरवला. वेग सोडताना बोट नाक जरा खाली टेकवते आणि मग उचलते. प्रत्येक बोट टेकवते, त्यात नवल काही नाही. ह्या बोटीने टेकवलं आणि उचललंच नाही.

धाकटीला आधी वाटलं, आपणच जास्त वाकलोय. मग कळलं की ती वाकलेली नाही, पाणी वर येतंय. पांढरं, फेसाळ नव्हे. हिरवं, जाड, सलग पाणी. कठड्यावरून आणि पुढच्या दाराखालून ते एकदम आत शिरलं आणि गुडघाभर उंचीने माणसांच्या पायांतून मागे धावत गेलं. खालून कोणी सतरंजी ओढावी तशी माणसं जागच्या जागी बसली. बाबागाडी तरंगली. खरंच तरंगली हो, आत बाळ! बाळाची आई नुसतं तोंड उघडून उभी, आवाज फुटेना. एका आजोबांनी काठीची मूठ गाडीच्या दांड्यात अडकवली म्हणून ती कठड्याला लागून थांबली. धाकटीच्या शेजारची बाई दार आणि कठडा यांच्यामध्ये सापडली. ती शिवणकाम करणारी होती, हे मागून कळलं. तिचं उजवं मनगट मोडल्याचा आवाज मात्र धाकटीने तिथेच ऐकला.

मग सगळे किंचाळत मागे पळाले, आणि नाक आपोआप वर आलं.

सगळं मिळून दहा सेकंद झाली असतील. कोणी मेलं नाही. अकरा जण पडले, चौघांना लागलं, एकीचं मनगट गेलं. धाकटी भिजून चिंब, दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं. कोणीतरी तिला म्हणालंसुद्धा, "ओ बाई, हसताय काय?" ती हसत नव्हती. चेहऱ्याला कळवायचं राहून गेलं होतं.

धक्क्यावर अधिकारी आला, वही उघडली आणि काय झालं म्हणून त्याने विचारलं. दादा शिडीवरून खाली उतरला. तोंड पांढरंफटक. त्याने कोणाकडे बघितलं नाही.

"माझा हात घसरला," तो म्हणाला. "वेगाची लीव्हर एकदम मागे आली. बोटीचा काही दोष नाही."

धाकटीला दुसरा धक्का बसला तो इथे. दादाचा हात? सुईत दोरा ओवायचा असला तर वहिनी ज्याच्याकडे सुई द्यायची, तो हात? पण खोटं कशाला बोला, धक्क्याच्या मागोमाग तिला हायसं वाटलं. नाक नाही, हात. आपण नाही, दादा. आणि असं वाटलं म्हणून तिला स्वतःची इतकी किळस आली की ती धक्क्याच्या खांबाआड जाऊन ओकली.

आता हे नाक काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

धाकटी बोटींची रचना करणाऱ्या एका लहानशा कचेरीत वीस वर्षं कामाला होती. बोटीचा पुढचा भाग, जो पाण्यात पहिला शिरतो, त्याचा आकार ठरवायचा हे तिचं काम. म्हणून कचेरीत तिचं नाव पडलं होतं नाकवाली. आणि आपल्या भाषेत नाकाला काय तोटा! काम अडलं की "नाकवालीच्या नाकी नऊ आले". चूक काढली की "लागली नाक खुपसायला". रजा मागितली की "बघा, नाक मुरडलं". ती चिडायची नाही, उलट स्वतःच भर घालायची. घरी तर दादा मूळचाच वात्रट. पाय मोडून दवाखान्यात पडला होता तेव्हा त्याने बहिणीला निरोप काय पाठवावा? "डावा पाय सुट्टीवर गेलाय, उजवा एकटाच कामाला आहे." भावंडांचं सगळं बोलणंच असं. सरळ बोललं तर दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं.

पूर्वी बोटीची लाकडी प्रतिकृती करून ती लांबलचक हौदात ओढून बघत. आता कॉम्प्युटरच्या पोटातच हौद असतो. पाण्याचे कोट्यवधी चिमुकले ठोकळे पाडायचे, त्यांतून बोट चालवायची, आणि पाणी तिला किती मागे ओढतं ते मोजायचं. ते ओढणं जितकं कमी, तितकं इंधन कमी. धाकटीने प्रोग्रामला सांगितलं होतं: नाकाचा आकार थोडाथोडा बदलत राहा, प्रत्येक बदल पाण्यात घालून बघ, बरा असेल तो ठेव, वाईट असेल तो टाक. दीड महिन्यात प्रोग्रामने दोन हजार तीनशे नाकं करून बघितली. शेवटी उरलं ते एक सडसडीत, सरळ, चापून बसवलेलं नाक. पाण्याची ओढ बारा टक्क्यांनी कमी. साहेबांनी, म्हणजे कचेरीच्या मालकांनी, आकडा बघून खुर्चीतच गिरकी घेतली होती. त्याच नाकाच्या आणखी तीन बोटी साच्यावर चढल्यासुद्धा होत्या.

पण प्रोग्राम म्हणजे शेवटी सांगकाम्या. ओढ कमी कर म्हटलं, त्याने केली. त्यासाठी नाकावरचं होतं नव्हतं ते मांस काढून टाकलं. नाकात पोकळी असते, ती बोटीला पुढून वर तोलून धरते, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नियमात एक तपासणी असते, माणसं पुढे उभी करून. तीही धाकटीने केली होती. पण ती बोट थांबलेली असताना करायची, आणि तेव्हा पाणी कठड्याच्या चांगलं खाली राहिलं. चालत्या बोटीच्या हिशोबात तीनशे माणसं म्हणजे तिच्या लेखी एक आकडा आणि एक ठिपका. तीनशे माणसांचं मिळून वजन इतकं, आणि ते बोटीच्या बरोब्बर मध्ये. ठिपका काही धक्का दिसला म्हणून उठून पुढे जात नाही.

शनिवारी सकाळी साहेबांनी धाकटीला बोलावलं. "हे बघ," ते म्हणाले, "वाईट झालं, पण आपल्यावरचं टळलं. सोमवारी साडेदहाला तपासनीस बाई इथेच येणार आहेत. अकराला बोट पुन्हा सुरू, दुसरा कप्तान आणलाय. तू फक्त दोन पानं लिही, नाकाचा संबंध नाही म्हणून. आकडे घाल, चित्रं घाल."

"साहेब, दादाचं काय?"

"दादाने स्वतः कबूल केलंय ना! परवाना जाईल. त्याला काय करणार?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "तुझा भाऊ आहे, मला वाईट वाटतं गं."

धाकटी दोन पानं लिहायला बसली. लिहायलाच बसली होती, शोधायला नव्हे, हे लक्षात ठेवा. बोटीवरच्या यंत्राच्या नोंदीची फाइल आली होती. लीव्हर कोणत्या सेकंदाला कुठे होती, ते सगळं त्यात असतं. तिला वाटलं, लीव्हर खाडकन मागे आल्याची ती रेघ पहिल्या पानावर छापू, म्हणजे प्रश्नच मिटला. तिने फाइल उघडली.

रेघ कुठेही तुटलेली नव्हती. लीव्हर चाळीस सेकंदांत, दुधावरची साय काढावी इतक्या हलक्या हाताने मागे आली होती.

ती कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने ठिपका उचलला. एकशे ऐंशी माणसांचं वजन नाकाशी नेऊन ठेवलं, वेग दादाने उतरवला तसाच उतरवला, आणि प्रोग्राम सुरू केला. उत्तर यायला दुपारचे चार वाजले. तोवर ती पाणीसुद्धा प्यायली नाही. पडद्यावर बोट आली, वेग उतरला, नाक टेकलं. बोटीनेच उठवलेली लाट पुढे साचली. नाक तिच्या खाली गेलं, आणि निळं पाणी कठड्यावरून आत आलं. तिने पुन्हा बघितलं. वेग आणखी हळू उतरवून बघितला. माणसं कमी केली, एकशे साठ, दीडशे. नाक बुडत राहिलं.

धाकटीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. शेजारच्या टेबलावर कोणी नव्हतं हे बरं. तिच्या तोंडून निघालेला आवाज माणसाचा नव्हता.

रविवारी ती दादाच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं.

"आलीस? बाई गं, बघ तुझ्या भावाला. काल सकाळपासून घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालतोय. एक दार कुरकुरेल तर शपथ! आणि मी इकडे त्याच्या हाताला तेल चोळतेय. उद्या संध्याकाळी नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. हात असा अचानक कसा घसरेल, तूच सांग."

दादा स्वयंपाकघरात कपाटाच्या दारापाशी बसला होता. हातात तेलाची कुपी, कानाला पेन्सिल. बहीण दिसल्यावर नेहमीसारखं म्हणाला, "या नाकवाल्या. सर्दी झाली का भिजून?"

"दादा, मी लीव्हरची नोंद बघितली."

"बरं."

"चाळीस सेकंद लागलीत. तुझा हात घसरला नाही."

"वय झालं. घसरतो कधी कधी."

"यंत्र खोटं बोलत नाही, दादा."

"म्हणून मी बोललो. कोणीतरी बोलायला हवं की."

"मस्करी पुरे!" ती इतक्या जोरात ओरडली की कुपी त्याच्या हातातून सुटली. "मी माणसं पुढे ठेवून बघितली. नाक बुडतं. तू काहीही केलं असतंस तरी बुडलं असतं."

दादाने फरशीवरचं तेल फडक्याने पुसलं. सावकाश, कडेकडेने. मग म्हणाला, "माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"चाचणीच्या दिवशीच कळलं. माणसांऐवजी वाळूची पोती भरून नेली होती ना, तेव्हा. धक्का जवळ आला आणि तुम्ही कचेरीतले सगळे फोटो काढायला पुढे पळालात. वीस-बावीस जण असाल. तेवढ्यानेसुद्धा बोट माझ्या हातात जड झाली."

शुक्रवारपासून बसलेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. "तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "तुला माहीत होतं, आणि तू तीनशे माणसं घेऊन निघालास? बाळ होतं रे त्या गाडीत! त्या बाईचा हात गेला! तू गप्प कसा बसलास?"

"गप्प कुठे बसलो? लिहून दिलं ना."

"कुठे?"

"चाचणीच्या कागदावर. शेऱ्याच्या रकान्यात."

आणि मग तिला आठवलं.

दादाचं ते किरटं, डावीकडे झुकलेलं अक्षर. तीन ओळी. "बोट गुणाची आहे. नाक मात्र लाजरं. माणसं पुढे आली की मान खाली घालतं."

तिने कचेरीत तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला होता. साहेबांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं होतं. कोणीतरी म्हणालं, "लाजणारच, नाकवालीचं नाक आहे, माणसांची सवय कुठे आहे त्याला!" धाकटीने तो कागद आपल्या टेबलावरच्या फळ्याला टाचणीने लावला होता. दोन महिने. रोज सकाळी खुर्ची ओढताना तो तिच्या नजरेसमोर असायचा. काल नाक बुडताना बघितलं, तेव्हाही तो पडद्याच्या वर वीतभर अंतरावर होता.

"लाजरं काय लिहिलंस रे?" तिचा आवाज फाटला. "बुडतं म्हणून लिहायचं होतंस!"

"तुझं तोंड उतरू नये म्हणून. दीड महिना त्या नाकाशिवाय दुसरं बोलत नव्हतीस." दादाने फडकं पिळलं. "मला वाटलं, कळेल. माणसं पुढे आली की खाली जातं, सरळच आहे की. मग तुझा फोन आला. म्हणालीस, झकास लिहिलंयस, भिंतीवर लावलंय. मला वाटलं, चला, हिला समजलं, हिने बघून घेतलं असणार. पुन्हा एकदा नीट विचारायला हवं होतं. रोज उद्या विचारू म्हणायचो, आणि पहिली खेप आली." त्याने फडकं बाजूला ठेवलं. "हात नाही घसरला गं माझा. जीभ घसरायला हवी होती, ती नाही घसरली."

वहिनी दारात उभी होती. कधीपासून, कोणास ठाऊक. "म्हणजे तुझा हात बरा आहे?" ती म्हणाली. "दोन दिवस मी तेल चोळतेय... आणि तू बसून चोळून घेतोयस?" ती हसेल असं वाटलं, पण तिथेच जमिनीवर बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली.

दादा उठला नाही. बहिणीकडे बघत भराभर बोलू लागला, आधीच पाठ करून ठेवल्यासारखा. "ऐक. तो कागद उद्या सकाळी काढून टाक. त्या तपासनीस बाई यायच्या आत. फाडून टाक. तो सापडला तर ते म्हणणार, हिला आधी सांगितलं होतं आणि ही हसली. मग तुला कोणी दारात उभं करणार नाही. माझं काय, तीन वर्षांनी तसंही घरीच बसायचंय."

"हलगर्जी कप्तान म्हणून बसायचं? तीस वर्षांनंतर?"

"लोक चार दिवस बोलतील."

"आणि अकराची बोट? त्यातल्या माणसांचं काय?"

"नव्या कप्तानाला सांगितलंय मी. धक्का आला की कोणाला पुढे येऊ देऊ नकोस म्हणून."

"लोक ऐकतील?"

तीस वर्षं दादाने लोकांना बसून राहा म्हणून भोंग्यावरून ओरडून सांगितलं होतं, आणि तीस वर्षांत एक माणूस बसून राहिला नव्हता.

सोमवारी धाकटी आठ वाजता कचेरीत पोचली. फळ्यासमोर उभी राहिली आणि टाचणी काढली. कोणी म्हणेल, मग काय, तिचा निश्चय झाला होता! कसला निश्चय? तिने तो कागद मधोमध दुमडला, नखाने घडी दाबली, दोन्ही टोकं चिमटीत धरली. फाडला असता तर कोणाला कळलं नसतं. भाऊ तर फाडच म्हणाला होता. वीस वर्षांचं काम आणि नाव. शिवाय आता नाक कापलं जाणार ते एकट्या बोटीचं नव्हे, तिचं स्वतःचं, चारचौघांत. आणि वर सगळे म्हणणार, सख्ख्या भावाने लिहून दिलेलं हिला वाचता आलं नाही. तिला फाडायचाच होता. फाडताना फक्त मनगट वळवावं लागतं, आणि मनगट म्हटल्यावर तिला तो आवाज ऐकू आला, कठड्याजवळचा. तिची चिमटी सुटली.

"ते काय आहे?" मागून साहेबांनी विचारलं. तिने कागद दाखवला. त्यांनी वाचला, हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. दोन महिन्यांनी त्यांना तो पहिल्यांदा कळला होता. "अरे बापरे," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकले. मग म्हणाले, "हे बघ, हा विनोद आहे. विनोदाला पुरावा म्हणत नाहीत. साच्यावर तीन बोटी आहेत आपल्या, तू जरा विचार कर."

"तोच करतेय, साहेब."

साडेदहाला तपासनीस बाई आल्या. साठीकडे झुकलेल्या, दोरीचा चष्मा, कामापुरतं बोलणाऱ्या. लांब टेबलाच्या एका बाजूला दादा बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात टेबलाखाली घेऊन. खिडकीतून समोरचा धक्का दिसत होता. तिथे रांग लागली होती.

बाईंनी विचारलं, दादाने आपलं वाक्य म्हटलं. हात घसरला, लीव्हर एकदम मागे आली, बोटीचा दोष नाही. बाईंनी ते लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद त्याच्याकडे सरकवला.

"सही करू नकोस," धाकटी म्हणाली.

"अगं!" दादा अर्धवट उठला. "तू मध्ये पडू नकोस. बाई, तिला बरं नाहीये."

धाकटीने तीन कागद टेबलावर ठेवले. पहिला लीव्हरच्या रेघेचा. बाईंनी तो बघितला, मग दादाकडे बघितलं. दुसरा शनिवारच्या चित्रांचा: माणसं पुढे, वेग कमी, नाक पाण्याखाली. त्यावर बाईंनी दोन प्रश्न विचारले. धाकटीने उत्तरं दिली. एकही आकडा चुकला नाही.

"हे तुम्हाला परवा कळलं," बाई म्हणाल्या. "त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं?"

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. दादाने टेबलाखालून हात वर काढून मान हलवली, नाही, नाही, नाही, लहानपणी दोघं आईसमोर उभी राहिली की धाकटीला खुणावायचा तशी. धाकटीने तिसरा कागद पुढे सरकवला.

बाईंनी घडी उलगडली. वाचलं. ओठ दाबून धरायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमलं नाही, आणि त्या खुदकन हसल्या. अगदी मनापासून, खांदे हलेपर्यंत.

"लाजरं नाक!" त्या म्हणाल्या. "कोणी लिहिलंय हो हे?"

धाकटीने दादाकडे बोट दाखवलं.

"ह्याने," धाकटी म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी. बोटीत माणसं पुढे आली की नाक खाली जातं, असं त्याने मला लिहून दिलं होतं. बाई, मीही अशीच हसले होते."

बाईंनी चष्मा नीट बसवला आणि तीन ओळी पुन्हा वाचल्या. मग एकेका शब्दावर बोट ठेवून तिसऱ्यांदा. हसू चेहऱ्यावरून कधी गेलं ते त्यांनाही कळलं नसावं. "अगं आई गं," त्या म्हणाल्या, खिडकीकडे बघत. धक्क्यावरची रांग आता अर्धी राहिली होती. त्यांनी फोन ओढला आणि लागेपर्यंत उभ्याच राहिल्या.

"बोट सोडू नका," त्या ओरडल्या. "नाही, आत्ता. चढलेत त्यांना उतरवा!"